पाद्री बंगल्यातली मेंढरं

जीवनला पहारेकऱ्याची नोकरी लागली त्या दिवशी म्हाळूनं तलवाड्याच्या बाजारातून पेढे आणले आणि वस्तीवरच्या एकूण एक घरात स्वतः जाऊन वाटले. ज्यांच्याशी बांधाच्या भांडणावरून बोलणं बंद होतं, त्यांच्याही हातावर पेढा ठेवला. मेंढरं राखणाऱ्याच्या घरात बारावी झालेलं पोरगं, आणि त्यानं इतकी वर्षं कधी पेट्रोल पंपावर, कधी कुणाच्या जीपवर दिवस काढलेले. आता त्याच्या अंगावर खाकी चढणार म्हटल्यावर म्हाताऱ्याचे पाय जमिनीवर नव्हते.

"पुरातत्त्व खातं म्हनत्यात त्येला," तो दारोदार सांगत होता. "जुन्या इमारती राखायच्या. बसायला खुर्ची हाय."

कुठली जुनी इमारत, हे मात्र त्यानं विचारलंच नव्हतं. कुठलातरी किल्लाबिल्ला असेल, असं त्यानं मनाशी धरून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कळलं.

नेहमीसारखा तो मेंढरं घेऊन माळावर आला होता. ऊन चढलं की कळप आपसूक पाद्री बंगल्याकडे वळायचा, त्याला हाकायची गरज पडत नसे. त्या दिवशीही मेंढरं वळली आणि अर्ध्या वाटेत थबकली. बंगल्याच्या चहूबाजूंनी नव्या तारेचं कुंपण उभं राहिलं होतं. फाटकाजवळ निळी पाटी, पाटीखाली लाल प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत कडक इस्त्रीच्या खाकी कपड्यात जीवन.

बापाला बघून तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "आबा, मेंढरं मागं घ्या."

"कावून?"

"आत न्यायची न्हाईत आता. संरक्षित झालाय बंगला. कायदा हाय."

म्हाळूनं पाटीकडे बघितलं. "काय लिवलंय?"

जीवननं वाचून दाखवलं. वर मोठ्या अक्षरात 'धर्मगुरूंचे पूर्वीचे निवासस्थान', आणि खाली, या वास्तूची नासधूस करणारा शिक्षेस पात्र होईल, वगैरे.

"आन मेंढराचं काय लिवलंय?"

"मेंढराचं काही न्हाई लिवलेलं."

"मंग?"

"आबा," जीवन हळू आवाजात म्हणाला, "नोकरीचा पयला दिवस हाय माझा."

म्हाळूनं काठी आडवी धरून कळप मागे वळवायला घेतला. पण मेंढरांना काय कळणार? त्यांची तोंडं पुन्हा पुन्हा बंगल्याकडेच फिरत होती. शेवटी एका बाजूनं बाप आणि दुसऱ्या बाजूनं खाकीतला पोरगा, असं दोघांनी मिळून कळप माळाच्या पल्याड नेला.

त्या घराशी म्हाळूच्या घराण्याचा संबंध तीन पिढ्यांचा. निजामाच्या राज्यात कुणा गोऱ्या पाद्र्यानं हा बंगला बांधला. गावापासून इतका लांब, असा उघड्या माळावर का बांधला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. म्हाळूचा आजा त्याचा पंखा ओढायचा. दिवाणखान्यात तुळईला कापडाचा लांबलचक पंखा टांगलेला, त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर वसरीत आलेली, आणि आजा वसरीत पाठ टेकून पायाच्या अंगठ्यानं ती दोरी ओढत बसायचा. कधी कधी ओढता ओढता झोपायचा, तरी पाय चालूच असायचा, असं म्हाळूचा बाप सांगे. रझाकारांच्या धामधुमीनंतर शेवटचा पाद्री निघून गेला. त्याच्यामागे काही वर्षं मिशनची माणसं जीपमधून येऊन बघून जायची. मग तीही यायची बंद झाली. दारंखिडक्या कुणी कुणी काढून नेल्या. गावानं तिकडे जाणं सोडलं. धनगरांनी मात्र सोडलं नाही.

सोडवणारच नाही अशी ती जागा होती. कमरेइतकं उंच जोतं, त्यामुळे कितीही पाऊस झाला तरी वसरी कोरडी. वसरी तीन अंगांनी, तिला दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत असे जाड गोल खांब आणि खांबांवर कमानी. मधला दिवाणखाना इतका उंच की छताकडे बघताना डोक्यावरचं मुंडासं पडावं. छतालगत ओळीनं लहान लहान झरोके. बाहेर वैशाखात दगड तापून फुटायला आलेला असला, तरी आत पाय ठेवल्याबरोबर अंगावर गारवा यायचा. पाद्र्यानं उन्हाला वर जायला जागा ठेवलीय, असं म्हाळूचा बाप म्हणायचा. दिवाणखान्याच्या एका भिंतीत मोठं धुराडं होतं. आपल्या मुलखात शेकोटीचं धुराडं घरात कुणी बांधतं का! म्हातारी माणसं हसायची. पण त्याच धुराड्यात तीन दगड मांडून तीन पिढ्यांच्या बायकांनी पावसाळ्यात भाकरी भाजल्या होत्या, आणि धूर मुकाट वरच्या वर निघून गेला होता.

आणि पूर्वेकडची ती लहान खोली. तिथे पाद्री प्रार्थनेला बसायचा म्हणत. तिची खिडकी वरून टोकदार, हात जोडल्यासारखी, आणि तिच्यात रंगीत काचा. बरीचशी काच फुटून गेलेली, तरी वरच्या अंगाला तांबड्या आणि निळ्या काचेचे तुकडे शिल्लक होते. सकाळचं ऊन त्यातून यायचं तेव्हा आत बसलेल्या मेंढरांच्या पाठी तांबड्यानिळ्या व्हायच्या.

रतनबाई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात म्हाळूनं तिला ही मौज दाखवली होती. सासू धुराड्याशी बसलेली, म्हणून दोघं चोरून त्या खोलीत गेले. म्हाळूनं तिला उन्हाच्या निळ्या तुकड्यात उभं केलं. तिच्या हातांवर, नव्या बांगड्यांवर निळा रंग पडला. ती घाबरून हात पदराला पुसायला लागली, रंग काही जाईना. म्हाळू हसून हसून भिंतीला टेकला, आणि सासूनं बाहेरून विचारलं, "काय झालं गं?"

पुढे दोन मुलींच्या पाठीवर जीवन झाला तोही त्याच खोलीत. सिंदफणेला पूर आलेला, वाट बंद, दवाखान्यात न्यायची सोय नाही. सासूनं आडवं घोंगडं धरलं आणि बाकी सगळं रतनबाईनं आणि देवानं केलं. बाळंतपणानंतर पाद्र्याच्या पंख्याच्या कड्यांनाच म्हाळूनं झोळी टांगली. इतक्या उंच छताची झोळी कशी हलायची! एकदा झोका दिला की बराच वेळ आपली आपण डुलत राहायची.

आता त्याच जीवननं बापाला फाटकातून परत पाठवलं होतं.

त्या दिवसापासून म्हाळूनं बंगल्याची वाट सोडली. पोरावर राग नव्हता, असं तो रतनबाईला सांगायचा; पण जीवन घरी आला की तो घोंगडं उचलून बाहेर जायचा. कळप तो माळाला वळसा घालून ओढ्याकडून न्यायला लागला. तिकडे सावलीला दोनचार बाभळी, त्यांची सावली किती पडणार? रतनबाई मात्र रोज दुपारी जीवनची भाकरी घेऊन बंगल्यावर जायची आणि संध्याकाळी चुलीपाशी बसून तिकडची खबर सांगायची. म्हाळू पाठ करून बसायचा. पण ती थांबली की, "मंग?" असं विचारायचा.

बंगल्याची दुरुस्ती चालू झाली होती. खात्याच्या सत्यशीला मॅडम आठवड्यातून एकदा जीपनं यायच्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, पायात कापडी बूट. शहादेव मिस्त्रीची माणसं कामाला होती. चुन्याची घाणी मांडली होती. चुन्यात गूळ, हिरडा घालून तो मुरवत ठेवला होता. छतावरची कौलं उतरवून एकेक धुतली होती. धुराड्यातली काजळी खरवडून काढली होती.

"काजळी?" म्हाळू वळला. "माझ्या मायच्या हातची काजळी ती."

"माझ्या बी हातची हाय," रतनबाई म्हणाली. "पर काजळी ती काजळीच की. ठिवून काय करायचं?"

मग एक दिवस ती हसतच घरी आली. वसरीच्या खांबांना चुना लावला होता, पण जोत्यापासून कमरेपर्यंत तो काही केल्या धरत नव्हता. वर पांढराशुभ्र, खाली तपकिरी पट्टा. दोनदा हात दिला, दोनदा पापुद्रे सुटले.

"शहादेव म्हनला, ही मेंढराची ओशट हाय. सत्तर वर्सं अंग घासलंय मेंढरांनी, खांब तेल प्यायलेत. म्याडम म्हनल्या, आता सगळं रिठ्याच्या पाण्यानं घासून काढा."

"मंग?"

रतनबाईचं हसू कमी झालं. "घासायलेत. जीवन बी घासायला लागलाय, मोकळा असला की."

म्हाळूनं पुन्हा पाठ फिरवली. त्या रात्री तो जेवला, पण भाकरीला नावं ठेवली, आणि तीस-चाळीस वर्षांत त्यानं रतनबाईच्या भाकरीला कधी नाव ठेवलं नव्हतं.

होळी होऊन गेली. मेंढ्या नुकत्याच व्यायलेल्या, कळपात अंग वाळलेलं नाही अशी कोकरं. त्या दुपारी म्हाळू ओढ्याच्या अंगाला होता. उकाडा असा की पान हलत नव्हतं. मग पश्चिमेकडून आभाळ काळं नव्हे, हिरवट व्हायला लागलं. म्हाळूनं असलं आभाळ आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं. त्यानं घाईघाईनं कळप बाभळींखाली गोळा केला, आणि तेवढ्यात पहिली गार त्याच्या पायाशी येऊन आपटली. लिंबाएवढी होती.

मग गारांचा मारा सुरू झाला. बाभळीच्या झिपऱ्या फांद्या काय अडवणार! मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसायला लागली. म्हाळूनं खांद्यावरचं घोंगडं काढून चार कोकरांवर टाकलं आणि स्वतः मुंडाशावर मार घेत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर म्होरकी मेंढी, चितळी, मान वर करून उभी राहिली. तिनं एकदा इकडे तिकडे पाहिलं आणि सरळ माळावर पळत सुटली. बंगल्याकडे. तिच्यामागे सगळा कळप.

"अगं ए! तिकडं न्हाई!" म्हाळू ओरडला. गारांच्या आवाजात त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. कोकरांचं गाठोडं पोटाशी धरून तो कळपामागे धावला. सत्तरीला आलेला माणूस तो. दोनदा घसरून पडला. डोक्यावरून काहीतरी ऊन ऊन ओघळत डोळ्यात आलं. त्याला वाटलं, पाणी.

मेंढरं कुंपणाशी जाऊन थटली होती. पुढची तारेला चिकटलेली, मागची त्यांच्यावर चढणारी. काट्यांत लोकर अडकलेली. सगळी एकच ओरडा करत होती.

वसरीतून जीवननं ते पाहिलं. त्यानं लाल खुर्ची उचलली, उलटी करून डोक्यावर धरली, आणि फाटकाकडे पळाला. खुर्चीवर गारा ताडताड वाजत होत्या. कुलपाला किल्ली लागेना.

"खोलू नगंस!" म्हाळू पलीकडून ओरडला. "जीवन्या, नोकरी जाईल लेका!"

"गप बसा आबा!" जीवन ओरडला, आणि फाटक उघडलं.

चितळी पहिल्यांदा पायऱ्या चढली. तिच्यामागे सगळी मेंढरं, आपापल्या ठरलेल्या जागा असल्यासारखी, वसरीत, दिवाणखान्यात, पूर्वेच्या खोलीत जाऊन उभी राहिली. गारठलेल्या, चिखलानं माखलेल्या अंगांनी ती खांबांना, भिंतींना टेकली. आठच दिवसांपूर्वी लावलेला नवा चुना होता तो.

जीवननं बापाला जोत्यावर बसवलं, खाकी सदरा काढून त्याच्या डोक्याला बांधला. म्हाळूनं कोकरांचं गाठोडं उघडलं. चारही जिवंत होती. एक त्याच्या बोटाला चोखायला लागलं.

बाहेर माळ पांढरा झाला होता. आत मेंढरांच्या ओल्या लोकरीचा वास भरला होता, आणि त्यात नव्या चुन्याचा.

"लई दिवसांनी आला हा वास," जीवन म्हणाला.

म्हाळूनं त्याच्याकडे बघितलं. "तुला आवडतोय व्हय?"

"लहान असताना तुमी बाजाराला गेलात की मी हितं येऊन झोपायचो. ठाऊक न्हाई तुमाला." मग तो म्हणाला, "तुमी सहा महिने झाले बोलला न्हाईत माझ्यासंगं."

"बोलायलो की आता."

"आता डोकं फुटलं म्हनून."

म्हाळू हसला. हसताना डोक्याची जखम ठणकली म्हणून त्यानं तोंड वाकडं केलं, आणि ते बघून जीवनही हसला.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच म्हाळू आणि रतनबाई खराटे घेऊन बंगल्यावर गेले. लेंड्या गोळा केल्या, फरशी धुतली. खांबांचं मात्र काही करता येत नव्हतं. कमरेइतक्या उंचीवर चुना चिखलात कालवला गेला होता. रतनबाईनं पदरानं एक खांब पुसून पाहिला, तो आणखीनच बरबटला.

सत्यशीला मॅडम दुपारी आल्या. गारपिटीनं कौलांचं काय झालं ते बघायला आल्या होत्या. वसरीत पाऊल टाकलं आणि उभ्याच राहिल्या. जीवननं काही लपवलं नाही. फाटक मीच उघडलं, म्हणून सांगितलं. मॅडम सगळ्या खांबांपाशी एकदा हिंडून आल्या, त्यांचा चेहरा उतरला होता. शहादेवच्या माणसांनी पंधरवडा घालून ते काम केलं होतं.

म्हाळू डोक्याला पट्टी बांधून पुढे झाला. "बाई, पोराची चूक न्हाई. मी नगं म्हनत हुतो. मेंढरं माझी हाईत."

"बाबा, तुम्ही बसा आधी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. "किती मेंढरं गेली?"

"एक बी न्हाई."

"गावात तर म्हणतात शेळ्या-मेंढ्यांचा खच पडलाय."

"आमची हितं हुती," म्हाळू म्हणाला.

मॅडम जोत्यावर बसल्या. रतनबाईनं चहा केला, वस्तीवरून दूध आणलं होतं. चहा पिता पिता रतनबाईच बोलत राहिली. गप्प बसणं तिला जमत नसे. सासू, धुराडं, झोळी, पूर, सगळं सांगितलं. मॅडम मान वळवून पूर्वेच्या खोलीकडे बघायला लागल्या.

"म्हणजे जीवन या घरात जन्मला?"

"त्याच खोलीत. तुमच्या पाटीवर पाद्रीबाबाचं नाव लिवलंय म्हनं. आमच्या जीवनचं बी लिवा की."

मॅडमना हसू आलं, पण ते टिकलं नाही. "तसं नाही लिहिता येत, मावशी," त्या म्हणाल्या. "घर ज्या काळचं, त्या काळाचंच लिहायचं असतं."

"बरं," रतनबाई म्हणाली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हाळूला वाटलं.

मॅडमनी वर कळवताना जीवनच्या बाजूनंच कळवलं. गारपीट होती, माणसाच्या जिवाला धोका होता, असं. पण पहारेकरी पुरवणारी कंपनी वेगळी होती. तिच्या माणसानं ऐकून घेतलं आणि जीवनला दोन जिल्हे पल्याडच्या एका किल्ल्यावर पाठवलं. नोकरी राहिली, घर सुटलं. जायच्या दिवशी म्हाळू त्याला एसटीपर्यंत सोडायला गेला. किल्ला मोठा असतोय, तिथं तर शंभर मेंढरं मावतील, असं काहीतरी तो बोलत राहिला. गाडी हलली तशी जीवन खिडकीतून म्हणाला, "आबा, परत तसं आभाळ आलं तर मी परत खोलीन." म्हाळूनं नुसतं हातानं जा जा केलं, कारण बोलायला गेला असता तर लोकांसमोर रडला असता.

खांब पुन्हा घासले गेले, पुन्हा चुना चढला. पावसाच्या आत काम उरकायचं होतं, म्हणून शेवटी शेवटी शहादेवनं फार ताणलं नाही. नीट बघितलं तर कमरेच्या उंचीवर चुन्याला किंचित पिवळट झाक राहिली होती. पाहुण्यांना ती कळत नव्हती.

ओढ्याच्या कडेला म्हाळूनं पत्र्याचं छप्पर घातलं. सरपंच रामकिसननं जुने पत्रे दिले. मेंढरांना हळूहळू ती वाट सवयीची झाली. मेंढराची आठवण माणसाएवढी लांब नसते, हे म्हाळूला तेव्हा कळलं, आणि बरंही वाटलं नाही. फक्त चितळी कधी कधी माळावर मान वळवून उभी राहायची.

बंगला लोकांसाठी खुला झाला. शाळेच्या सहली यायला लागल्या, रविवारी मोटारसायकलीवर पोरं फोटो काढायला यायची. रतनबाई म्हणायची, एकदा बघून येऊ. म्हाळू आज जाऊ, उद्या जाऊ करायचा. दिवाळी गेली, थंडी गेली. जीवन सुट्टीवर येऊन गेला, तोही बघून आला. "लई भारी केलंय आबा," एवढंच बोलला.

उन्हं तापायला लागली तशी एका दुपारी म्हाळूच म्हणाला, "तू मेंढरं धर जरा. मी येतो जाऊन."

कळप कुंपणाबाहेर लिंबाच्या सावलीला रतनबाईपाशी सोडून तो फाटकातून आत गेला. नवा पहारेकरी सिरसाळ्याकडचा होता, त्याला ओळखत नव्हता. "चपला हितं काढा बाबा," तो पायऱ्यांपाशी म्हणाला. म्हाळूनं काढल्या. त्या पायऱ्या तो अनवाणी पहिल्यांदाच चढत होता. दगड तापलेला होता, आणि वसरीत पाय टाकताच गार लागला. तेवढं काही बदललं नव्हतं.

तो आत हिंडला. दारं नवी सागवानी बसवली होती. धुराडं स्वच्छ, त्यात पितळेची जाळी. छताच्या तुळया तेल लावून चकचकीत केलेल्या, पंख्याची कडी काळ्या रंगानं रंगवलेली. पूर्वेच्या खोलीच्या खिडकीत फुटक्या काचांच्या जागी नव्या काचा घातल्या होत्या, सगळी खिडकी भरून. दुपार असल्यानं तिथे ऊन नव्हतं. त्यानं भिंतीवरून हात फिरवला. हाताला चुना लागला, पांढरा, कोरडा. वास कसलाच नव्हता. फार सुंदर झालं होतं घर. पाद्री राहायला आला तेव्हा असंच असेल, असं त्याच्या मनात आलं. आपला आजा तेव्हा तरणा असेल, वसरीत पाठ टेकून दोरी ओढत असेल.

पाय दुखले म्हणून तो दिवाणखान्यात भिंतीशी टेकायला गेला.

"बाबा, बसायला मनाई हाय," पहारेकरी दारातून म्हणाला.

"बरं," म्हाळू म्हणाला आणि उभा राहिला.

त्याचा तो 'बरं' छताकडे गेला आणि परत आला. म्हाळूनं वर पाहिलं. या घरात आवाज घुमतो, हे त्याला आयुष्यभर ठाऊक नव्हतं. ठाऊक होणार कसं? तो इथे असायचा तेव्हा मेंढरं असायचीच. त्यांच्या बें बेंमध्ये, रवंथात, खाकरण्यात सगळा दिवाणखाना भरून गेलेला असायचा. गारपिटीनंतरच्या त्या सकाळीही खराट्यांची खरखर होती. असं रिकामं घर त्यानं आजच पाहिलं.

पहारेकरी फाटकाकडे निघून गेला होता. म्हाळूनं इकडे तिकडे पाहिलं. मग हातांचा पेला करून, अगदी हळू, त्यानं संध्याकाळी कळप गोळा करायची साद घातली. "हर्र... या या या..."

हळू घातलेली साद दिवाणखान्यानं उचलली, मोठी केली आणि झरोक्यांतून बाहेर सोडली. क्षणभर काहीच नाही. मग कुंपणाबाहेरून एक मेंढी ओरडली. मग दुसरी. मग सगळा कळपच ओरडायला लागला, आणि त्यावर रतनबाईचा आवाज आला, "अवो! कावून हाका मारताव त्यांनला? मला आवरंनात की ही!"

"आलो, आलो!" म्हाळू ओरडला, आणि दारात क्षणभर थांबून, पहारेकऱ्याकडे न बघता, पायऱ्यांखालच्या चपला हातात घेऊनच फाटकाकडे निघाला.